आपापली बादली

रविवारी सकाळी शकूमावशी खाली आल्या नाहीत, म्हणून पॅट्रिक वर गेला. लंडनमधल्या हॅरोच्या आमच्या ब्लॉकमध्ये कोण कधी बाहेर पडतं याची दखल कुणी घेत नाही, पण रविवारी दहाच्या सुमाराला मागच्या पट्ट्यात मावशी नाहीत असं कधी झालंच नव्हतं. त्याने बेल वाजवली, दार ठोठावलं, आणि मग मावशींनी अडीअडचणीला म्हणून त्याच्याकडे देऊन ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं. मावशी पलंगावर होत्या, गाढ झोपल्यासारख्या. मी तेव्हा भाडेकरूंच्या एका बैठकीसाठी एडिनबराला गेले होते आणि परतीच्या ट्रेनची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभी होते. पॅट्रिक तळमजल्यावर राहणारा म्हातारा आयरिश माणूस, फोनवर फार बोलणारा नव्हे. त्याने बातमी सांगितली आणि म्हणाला की आज आलेल्या सगळ्यांनी आपापल्या बादल्या ओतल्या आहेत, वरून पुठ्ठा घातलाय, काळजी करू नकोस. मला त्याचा संताप आला. माणूस गेलंय आणि हा बादल्यांचं काय सांगत बसलाय... ट्रेन सुटून बराच वेळ झाल्यावर लक्षात आलं की त्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंच, आणि मावशींनी विचारलं असतं तर हेच विचारलं असतं.

नंतर इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये शोकसभा झाली. त्रिसरण, पंचशील झालं, आणि मग लोक एकेक करून बोलायला उठले. मावशी प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या, निसर्गप्रेमी होत्या. मी मागच्या रांगेत बसून चडफडत होते. भाडेकरूंच्या हक्कांची पत्रकं लिहिणं हे माझं काम आहे, आणि पत्रकात विशेषणांना जागा नसते. कुणी काय केलं तेवढं लिहायचं. मावशी मनमिळाऊ नव्हत्या. कबुतरांना त्या अस्सल सातारी शिव्या द्यायच्या, गोगलगायींना चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, आणि कुणी 'नेचर' म्हटलं की कपाळाला आठ्या घालायच्या. त्या निवृत्त लॅबवाल्या होत्या. तरुणपणी एडिनबराच्या आणि पुढे लंडनच्या एका हॉस्पिटलात जंतू वाढवून बघण्यात त्यांची उमर गेली. त्यांना उत्सुकता होती, प्रेम होतं की नाही ते मला माहीत नाही. कशाचं काय होतं हे बघायचं त्यांना व्यसन होतं. ते मला लागलं, म्हणून हे लिहितेय.

मी या ब्लॉकमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली त्या वसंतातली गोष्ट. खिडकीत मेथी लावावी म्हणून गार्डन सेंटरमधून मातीचं एक पोतं घेतलं, बसमधून आणलं आणि जिन्यात धापा टाकत उभी राहिले. वरून एक बाई येत होत्या. अंगात जाड कोट, डोक्याला लोकरी टोपी, हातात दह्याची प्लास्टिकची बादली. आपल्या दुकानांत मोठ्या कुटुंबांसाठी मिळते ना, कडीची आणि झाकणाची, तसली. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मराठी ना गं तू? फोनवर बोलताना ऐकलंय. आणि माती विकत आणलीस?"

मी म्हटलं, मग काय चोरून आणू?

"जयभीम," असं म्हणून त्या हसल्या. "ये खाली. दाखवते."

ब्लॉकच्या मागे कचऱ्याच्या बिनांची शेड आहे. ती आणि कुंपण यांच्यामध्ये एक लांबट पट्टा आहे, ज्याच्यावर आधी तुटके सोफे आणि गवत यांच्याशिवाय काही नव्हतं. तिथे मावशींनी दुकानांनी फेकून दिलेल्या पॅलेटच्या फळ्यांचे तीन चौकोन उभे केले होते. त्यांनी एकावरचा जुना गालिचा दूर केला, बागकामाच्या काट्याने ढीग थोडा उकरला, आणि त्या गारठ्यात आतून वाफ वर आली. चहाच्या कपातून यावी तशी. मी हात जवळ नेला तर खरंच गरम. मला वाटलं की खालून हीटिंगचा पाइप गेलाय आणि तो फुटलाय, आणि मॅनेजमेंटला तक्रार करायची म्हणून मी फोनसुद्धा बाहेर काढला. मावशी इतक्या हसल्या की त्यांना शेडला टेकावं लागलं. मग त्यांनी समजावलं. बटाट्याची सालं, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, कोबीची बाहेरची पानं, माळी टाकून जातो ते कापलेलं गवत. या सगळ्याला खाणारे जीव आहेत, डोळ्यांना न दिसणारे, आणि ते खाता खाता तापतात. त्यांना ओलं हवं तसं कोरडंही हवं, आणि हवा हवी. "आपल्यासारखेच आहेत," त्या म्हणाल्या. "नुसतं ओलं दिलं की सडतात, वास मारतात. म्हणून पुठ्ठा."

पुठ्ठा म्हणजे अंड्यांचे ट्रे, टॉयलेट रोलच्या नळ्या, आणि पुढेपुढे माझी पत्रकं. कुठल्याही मोर्च्यानंतर माझ्याकडे उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा असायचा. मावशी तो मागून घ्यायच्या, वाचायच्या, चुका काढायच्या, आणि मग फाडून ढिगात घालायच्या. चकचकीत कागदावर छापलेलं एक पत्रक त्यांनी परत केलं होतं. हे कुजणार नाही, म्हणाल्या, पुढच्या वेळी साध्या कागदावर क्रांती कर.

हे सगळं त्यांनी हौसेने सुरू केलं असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. नवरा गेला आणि एका पेन्शनवर घर आलं तेव्हा सुरू केलं. घर गरम ठेवायचं की टोपली भरून भाजी आणायची, हा प्रश्न या श्रीमंत देशात कितीतरी म्हाताऱ्या माणसांना हिवाळाभर पडतो, आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही, याची मला चीड आहे. सुपरमार्केटात 'ऑरगॅनिक' लिहिलेला कप्पा वेगळा असतो आणि त्याच्यासमोर उभी असलेली माणसंही वेगळी असतात. मावशींच्या ताटातलं सगळं ऑरगॅनिक होतं, कारण फवारायला काही विकत आणणं परवडतच नव्हतं. बियाणंसुद्धा स्वयंपाकघरातलं. मिसळणाच्या डब्यातले धणे लाटण्याने हलके दुभंगून पेरायच्या, मेथीदाणे तसेच टाकायच्या, कोंब आलेला लसूण शरदात पुरायच्या, पुदिन्याच्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की लावायच्या. टोमॅटो सँडविचमधून काढलेल्या बियांचा. सगळं जमायचं असंही नाही. भेंडीसाठी त्यांनी तीन उन्हाळे जिवाचं रान केलं आणि हाताच्या बोटाएवढ्या दोन भेंड्या मिळाल्या. त्यांची त्यांनी भाजी केली आणि मला जेवायला बोलावलं. एका वर्षी टोमॅटो एका आठवड्यात काळे पडून गेले. आणि एकदा खताच्या ढिगातूनच एक वेल आपोआप वर आला, कुणाच्या बादलीतून बी आलं देव जाणे, आणि त्याला एवढा मोठा भोपळा धरला की सगळ्या ब्लॉकने घारगे खाल्ले. गांडुळं कुठून आली असं मी विचारलं होतं. कुंपणापलीकडून, म्हणाल्या, त्यांना निमंत्रण लागत नाही. विमानाने येणाऱ्यांनाच व्हिसा लागतो.

एका माणसाच्या सालींनी एवढा ढीग होत नाही. म्हणून शेजाऱ्यांच्या बादल्या. पॅट्रिक चहाचा चोथा आणायचा, आणि पिशव्यांत प्लास्टिक असतं म्हणून मावशी त्याला एकेक टी-बॅग फाडायला बसवायच्या. त्याला त्या 'पॅट्रिकभाऊ' म्हणायच्या, आणि भाऊ म्हणजे काय हे कळल्यापासून तो राखीला पाच पौंडांची नोट पाकिटात घालून द्यायला लागला. सात-आठ घरं जोडली गेली होती. मला वाटलं, अख्खा ब्लॉक का नको? मी बसून एक सुरेख पत्रक लिहिलं. तुमच्या स्वयंपाकघरातली सालं वाया घालवू नका, दर रविवारी आम्ही तुमच्या दारात येऊन बादली घेऊन जाऊ. म्हाताऱ्यांची सोय, कामावर जाणाऱ्यांची सोय. मावशींनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे 'आम्ही' कोण?"

मी म्हटलं, आपण. मी, तुम्ही, कुणी मदतीला आलं तर ते.

"मी नाही. आणि तू पण नाही." त्यांनी ती ओळ खोडली. "ज्याचा त्याने आणायचा. ज्याचा त्याने ओतायचा."

मी वाद घातला. पुण्यात माझ्या घरी आईवडील दोघं बँकेत. मी श्रमाच्या प्रतिष्ठेवर भाषणं ठोकत वाढले. कचरा उचलण्यात कमीपणा कसला, उलट आपण तो अभिमानाने उचलून दाखवला पाहिजे, असं काहीतरी मी जोरात बोलले. मावशी अंड्यांचे ट्रे फाडत होत्या. फाडता फाडताच त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्यांची आई साताऱ्याकडच्या गावात रोज सकाळी वरच्या आळीची अंगणं झाडायची, शेण-कचरा टोपलीत भरून गावाबाहेर न्यायची, मेलेलं जनावर ओढायची वेळ आली तर नवऱ्यासोबत दोराला हात लावायची. बदल्यात शिळी भाकरी, तीही वरून टाकलेली. पुढे ते कुटुंब गाव सोडून मुंबईला आलं, धम्म घेतला, आणि त्या माउलीने मुलांना एकच शपथ घातली की दुसऱ्याचा कचरा उचलायचा नाही. उपाशी राहिलात तरी नाही. मावशी लॅबमध्ये लागल्या तेव्हासुद्धा तिने पत्रातून विचारलं होतं, तिथे घाण तुलाच काढावी लागते का?

"मग हे?" मी ढिगाकडे बघून विचारलं.

"मी कुणाची उचलते का? नीट बघ." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "गोरा असो, पटेल असो, जोशी असो, आपली बादली धरून जिना उतरतो आणि आपल्या हाताने इथे ओततो. माझी आई असती तर तिला खुर्ची टाकून इथे बसवलं असतं. बघत बस म्हटलं असतं."

पत्रक त्या खोडलेल्या ओळीशिवाय छापलं गेलं. कमी लोक आले, हे मी आजही म्हणते. पण जे आले ते टिकले.

आता मिलिंददादाबद्दल. मावशींचा एकुलता एक मुलगा, जन्म इथलाच, मराठी थोडी मोडकी, लंडनबाहेर ब्रॅकनेलला एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दर महिन्याला आईला भेटायला यायचा, फ्रीज भरून जायचा, पण ब्लॉकच्या मागे कधी पाऊल टाकलं नाही. त्याला ते सहनच होत नसे. एकदा मी मावशींकडे बसले असताना तो आला होता. मी तुला पाहिजे तेवढी माती ऑर्डर करतो, असं तो आईला सांगत होता, भाजी ऑर्डर करतो, कार्ड माझं लाव. मावशी म्हणाल्या, मला माती नको आहे. तो उठून खिडकीपाशी गेला. "आई, लोकांना वाटतं तू बिनवाली आहेस. आजीने काय सांगितला होता? तू विसरली?" मावशी तव्याकडे वळल्या. त्याच्या ताटात गरम पोळी वाढली.

तेव्हा मला तो एक गुळगुळीत, पैसेवाला, लाजणारा मुलगा वाटला, आणि तसं मी मावशींना म्हटलंही. त्यांनी मला झापलं. आजी शेवटी इथेच येऊन राहिली होती, तो तिच्या मांडीवर वाढलाय, म्हणाल्या, तिच्या हातांचे घट्टे त्याने मोजलेत, तू नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात अजून फिरते. एकाच बाईची एकच शपथ. मुलीने तिचा अर्थ एक लावला, नातवाने दुसरा, आणि दोघंही ती पाळत होती. कोण बरोबर, हे मला कळलं नाही. एरवी कोण बरोबर हे मला लगेच कळतं.

ढीग एकदा जवळजवळ गेलाच होता, आणि तो मावशींच्या स्वतःच्या हाताने. शिजवलेलं अन्न ढिगात घालायचं नाही हा नियम त्यांनीच सगळ्यांना पढवलेला. एका एप्रिलमध्ये जयंतीचं जेवण हॉलमध्ये झालं, पाऊस होता, माणसं कमी आली, आणि पातेलीच्या पातेली पुलाव उरला. लोकांनी डबे भरभरून नेला तरी उरला. रात्री हॉल रिकामा करायचा होता. कुणीतरी काळी पिशवी उघडली, आणि मावशींनी ती मिटली. जयंतीचं अन्न बिनमध्ये जाणार नाही, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुलाव ढिगाच्या पोटात खोल पुरला, वर पुठ्ठा, वर पानं. आयुष्यभर जंतू वाढवलेली बाई. भाताने काय येतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. दोन आठवड्यांत उंदीर आले. तेही साधेसुधे नाहीत, तुपातल्या पुलावावर पोसलेले. तळमजल्यावरच्या एका बाईंनी रीतसर तक्रार केली, आणि ती बरोबरच होती.

मॅनेजमेंटचा माणूस आला. मी भांडायच्या तयारीने, कलमं पाठ करून खाली उतरले होते. मावशींनी मला बोलूच दिलं नाही. "चूक माझी आहे," त्या त्याला म्हणाल्या, "भात मी घातला." मग दोघांनी मिळून तोडगा काढला. ढिगाखाली लोखंडी जाळी, वर घट्ट झाकण, शिजवलेलं काही नाही. आणि पट्टा मावशींच्या फ्लॅटच्या नावावर, म्हणजे काही झालं तर जबाबदार त्या. फ्लॅट ज्याचा, पट्टा त्याचा. जाळी घालायला सगळा ढीग उपसावा लागला; पॅट्रिक, मी आणि तक्रार करणाऱ्या बाईंचा नवरा तीन दिवस ते करत होतो. रात्री मी मावशींना विचारलं की तुम्हाला माहीत असून असं का केलंत? "शिळं टाकलेलं खाल्लंय आमच्या घराने," त्या म्हणाल्या. "टाकायला हात होत नाही गं."

आणि आता त्या गेल्या, आणि फ्लॅट मिलिंददादाचा झाला. शोकसभेनंतर त्याने मला सांगितलं की तो फ्लॅट विकणार आहे, आणि मॅनेजमेंटचा ईमेल आला आहे: पट्टा महिनाअखेर पार्किंगसाठी मोकळा करावा, नाहीतर तुम्ही नावावर घ्या. तो 'करा मोकळा' असं कळवणार होता. घरी येऊन मी एक पत्रक लिहिलं. इतकं धारदार मी आजवर लिहिलेलं नाही. आईची बारा वर्षांची मेहनत पार्किंगसाठी गाडणारा मुलगा, वगैरे. छापायच्या आधी मी ते मोठ्याने वाचलं आणि मला खिडकीपाशी उभा राहून 'तू विसरली?' म्हणणारा तो आठवला. पत्रक मी फाडलं. साध्या कागदावर होतं, ढिगात चाललं असतं.

त्यानंतरच्या रविवारी तो फ्लॅट आवरायला आला होता. आम्ही नेहमीप्रमाणे खाली होतो. पॅट्रिक, मी, आणखी चार-पाच जण. जिन्याच्या दारातून तो बाहेर आला आणि तिथेच थांबला. हातात दह्याची बादली. सिंकखाली सापडली म्हणाला. मावशींच्या शेवटच्या आठवड्याची. झाकण लावलेलं, भरलेली. खाली आणायची राहिलेली. तो ती अंगापासून लांब धरून उभा होता आणि काय करायचं ते त्याला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. पॅट्रिकने सवयीने हात पुढे केला, 'दे मुला, मी ओततो' म्हणाला. मी पॅट्रिकचा हात धरला. दुसऱ्याची बादली उचलायची नाही, हा या जागेचा एकच कायदा आहे. पण ही दुसऱ्याची कुठे होती...

"कुठे टाकायचा?" त्याने मला विचारलं.

मी मधला चौकोन दाखवला. काटा त्याच्या हातात दिला नाही, फक्त झाकण उचललं. तो पट्ट्यात आला. त्याने बादली उघडली. वालाची टरफलं होती, चहापत्ती, अंड्याची कवचं, आल्याची सालं. ओतली. उरलेलं निघत नव्हतं म्हणून बूड थोपटलं, दोनदा, मावशी थोपटायच्या तसं. मग वाफ त्याच्या तोंडावर आली आणि तो दचकून मागे झाला.

"गरम आहे," तो म्हणाला. "तिच्यामुळे?"

मी त्याला समजावलं. जंतू खाता खाता तापतात, कोण गेलं आणि कोण आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. हे मी फार रुक्षपणे सांगितलं. त्याने ऐकलं. मग तळहात ढिगावर धरून उभा राहिला, बराच वेळ. पॅट्रिकने पुठ्ठा फाडून त्याच्या बाजूला ठेवला, आणि तो त्याने वर पसरला.

ईमेलचं उत्तर त्याने त्याच आठवड्यात दिलं. फ्लॅट विकणार आहे की भाड्याने देणार आहे हे अजून ठरलेलं नाही, पण पट्टा तूर्त त्याच्या नावावर झाला आहे. किती दिवस, हे मी विचारलेलं नाही. मला ओळखणाऱ्यांना कळेल की न विचारणं मला किती जड जातंय.

पण मला जे सांगायचंय ते त्या रविवारचंच आहे. सगळं आटोपल्यावर आम्ही जायला निघालो. शेडच्या भिंतीला एक नळ आहे. मावशी बादली तिथे विसळायच्या, ते पाणी पुदिन्याच्या मुळाशी घालायच्या आणि बादली घेऊन वर जायच्या. मिलिंददादाने तिथे बादली विसळली. पाणी कुठे टाकायचं म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि पुदिन्यात ओतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं की आता तो बादली नळाखाली ठेवून जाईल, किंवा बिनमध्ये टाकेल, वर फ्लॅटमध्ये तर आता कुणी नव्हतं. त्याने झाकण दाबून बसवलं, कडी हातात धरली, आणि गाडीकडे गेला. पुढच्या सीटवर ठेवली. ब्रॅकनेलला रिकामी बादली कुणी कशाला नेईल?